उपाशीपोटी आगमनकाळ

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की हळवी होतात. डॉक्टर देवदूत, नवरा आधारस्तंभ, शेजारी सख्ख्या भावासारखे. मलाही तसं लिहिता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि ज्या बाईला उद्या हा आजार सांगितला जाणार आहे तिच्या ते काही कामाचं नाही. तिच्यासाठी हे लिहिते आहे. त्या चार आठवड्यांत मी रागावलेली होते. घाबरलेही होते, पण भीती येऊन-जाऊन असायची. राग मुक्कामाला होता.

आमचं घर, आमची मंडळी

मी दिल्लीत एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. माझे यजमान मनोहर दुसऱ्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मूळचे आम्ही दोघंही नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बारा वर्षं काढली आणि मग नोएडात सोसायटीचा फ्लॅट मिळाला. तेव्हा सगळं नवीन नवीन होतं. घरोघरी केबल आली होती, ऑफिसातले लोक पेजर कमरेला लावून ऐटीत फिरत होते. आमच्या बाल्कनीतून एका बाजूला सरसोंचं शेत दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभ्या इमारती. लिफ्ट होती, पण ती चालवायला वीज नसायची. पाणी टँकरचं. तरी आपलं घर ते आपलं घर, असं म्हणून आम्ही तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवत होतो.

दिल्लीतली आमची मराठी मंडळी लहान, चाळीसेक माणसांची. त्यात सरकारी नोकर, काही नर्सेस आणि छावणीतली दोन फौजी कुटुंबं. रविवारी इंग्रजी आणि हिंदी उपासना आटोपल्या की तीन वाजता आम्हाला चर्च मिळायचं. नाताळाच्या आधीच्या आगमनकाळात मात्र ते कॅरलच्या तालमींना लागे, म्हणून आम्ही चार रविवारी चार घरी जमायचो. ज्या घरी जमायचं तिथे मेणबत्ती लावण्याआधी एक रीत होती. नवरा-बायकोनं सगळ्यांसमोर उभं राहून एकमेकांना म्हणायचं, 'माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही.' प्रभू केव्हाही परत येईल, तर त्याला या घरात अबोला सापडू नये, असा तिचा अर्थ. त्याला आम्ही सलोखा म्हणत असू. दरवर्षी लोक हसत हसत म्हणायचे आणि मग चहा व्हायचा.

त्या वर्षी चौथा रविवार आमच्याकडे होता. त्याच दिवशी नव्या घराचं समर्पण, म्हणजे प्रार्थना करून घर देवाला वाहणं, हेही ठरलं होतं, आणि त्यासाठी नगरहून तिथल्या चर्चचे, मनोहरच्या लहानपणीचे पाळक येणार होते. मनोहर मंडळीचे चिटणीस. दिवाळी संपल्यापासून त्यांच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता.

ज्या दिवशी कळलं

गाठ मला आंघोळीच्या वेळी लागली होती. सरकारी डिस्पेन्सरीतून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे सुई घातली आणि आठवड्यानं बोलावलं. डॉक्टर मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. हरियाणवी, खणखणीत बोलणारी बाई. तिनं कागद वाचला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"कैंसर है. छोटा है. जल्दी निकालेंगे तो अच्छा है. समझ गईं?"

मी मान हलवली. मला एवढंच सुचलं की कुकरची शिटी दुरुस्तीला टाकली आहे, ती आणायची राहिली. मनोहरनी माझा दंड धरला होता. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तू इथे बस, मी फोन करून येतो." मला वाटलं, पुण्याला माझ्या भावाला करत असतील. त्यांनी फोन केला होता आमच्या दिल्लीच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना.

पुढच्या रविवारी मंडळीत प्रार्थना-विनंत्या वाचल्या गेल्या. कुणाची बढती, कुणाच्या मुलाची बारावी, आणि मग, "आपल्या भगिनी शैलाताई यांच्या डाव्या स्तनातील गाठीसाठी." डाव्या! तेवढंही सोडलं नाही. चाळीस माणसांनी डोळे मिटले, आणि मिटायच्या आधी माझ्या पदराकडे बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईला अजून कळलं नव्हतं, आणि छावणीतल्या सुभेदारांना कळलं होतं.

चहाच्या वेळी विमलताई आल्या. महिला मंडळाच्या प्रमुख. मनानं वाईट नाहीत, पण बोलताना समोरच्याचं तोंड बघत नाहीत.

"शैला, एक बघ. प्रभूनं तुला तयारीला वेळ दिलाय. लोकांना तेवढाही मिळत नाही."

"कसली तयारी, ताई?"

"अगं, त्याच्या येण्याची. मन स्वच्छ करायचं. कुणाविषयी काही ठेवायचं नाही. राग तर बिलकुल नाही."

ऑपरेशन व्हायचं होतं आणि या बाईनं माझी पाठवणी सुरूही केली होती.

खोडलेलं नाव

मला ऑपरेशनची तारीख मिळाली होती आगमनकाळातल्या दुसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारची. ज्यांना त्या हॉस्पिटलची रांग माहीत आहे त्यांना कळेल की अशी तारीख मिळणं म्हणजे काय भाग्य. मंगळवारी मी ऑफिसातून मधल्या सुट्टीत गेले. सोबत काय काय आणायचं ते विचारायचं होतं. लिस्ट ठेवणाऱ्या बाबूनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आपने तो छोड़ दी."

"क्या छोड़ दी?"

त्यानं रजिस्टर माझ्याकडे वळवलं. माझ्या नावावर लाल रेघ. पुढे लिहिलेलं, 'मरीज की इच्छा से'. त्याखाली सही. ती सही मी अठरा वर्षं रेशनकार्डापासून मुलीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत बघत आले होते.

"अगली तारीख?"

"जनवरी के आखिर में देख लेंगे, मैडम."

घरी गेले तेव्हा मनोहर बांबूच्या काड्यांचा नाताळचा तारा बांधत बसले होते. आमची मुलगी रीना, नववीतली, त्यांना दोरा धरून देत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"अहो, माझी तारीख तुम्ही सोडलीत?"

"सोडली नाही. पुढे ढकलली." हात थांबला नव्हता.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"म्हणजे मी ऐकणार नाही हे माहीत होतं, म्हणून परस्पर केलंत."

त्यांनी तारा खाली ठेवला. "शैला, चौथ्या रविवारी समर्पण आहे. तू टाक्यांसकट वॉर्डात पडलेली असतीस. घराचं समर्पण नाही, सलोखा नाही, आणि तुला तसंच त्या टेबलावर पाठवायचं? काही झालं असतं म्हणजे?"

"काय झालं असतं? नीट बोला."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची दया यायला हवी होती, आली नाही. मी तयारीविना मरेन ही त्यांना भीती होती, आणि त्या भीतीपायी त्यांनी माझी जगायची तारीख दुसऱ्याला देऊन टाकली होती. माझ्या आत्म्याची काळजी करणारा नवरा मला नको होता. माझ्या गुरुवारची काळजी करणारा हवा होता.

"पप्पा, तुम्ही असं कसं केलंत यार!" रीना रडत आत पळाली. माझ्या बाजूनं त्या घरात बोललेलं ते पहिलं वाक्य.

राखीव पेशंट

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर मॅडमच्या दारात उभी राहिले. तिनं सगळं ऐकलं आणि नवऱ्याबद्दल एक हरियाणवी शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही. मग म्हणाली, "हर मंडे और थर्सडे, सुबह आठ बजे. खाली पेट, पानी भी नहीं. बाल बाँधके, चूड़ी उतारके. किसी का बीपी बढ़ा, किसी को बुखार आया, तो उसकी जगह आपको ले लूँगी. वादा कोई नहीं. बस, आप तैयार मिलनी चाहिए. और खून की दो पर्ची."

म्हणजे दोन जणांनी माझ्या नावावर रक्त द्यायचं आणि रक्तपेढीच्या दोन चिठ्ठ्या मी हातात ठेवायच्या. मनोहरनी दुसऱ्याच दिवशी दिलं. दुसऱ्या चिठ्ठीसाठी रविवारी मंडळीत विचारलं, तर तिघांनी हात वर केले. मी नावं लिहून घेतली आणि निर्धास्त झाले.

असा माझा आगमनकाळ सुरू झाला. सोमवार आणि गुरुवार, सकाळी सव्वासहाला नोएडाहून निघणारी ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस. धुक्यात ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला माणूस खिडकीतून डोकं काढून रस्ता सांगायचा. बायका स्वेटर विणत बसायच्या. मागच्या सीटवरच्या चोप्रा आंटी दरवेळी डबा उघडून म्हणायच्या, "एक पराठा तो खा लो, बेटा," आणि दरवेळी त्यांना आठवायचं की मी खायचं नाही, मग त्या बिचाऱ्या स्वतःही डबा बंद करायच्या. त्या दिवसांत माझ्याशी तयारीविषयी एक शब्दही न बोललेली माणसं मला त्या बसमध्येच भेटली.

पहिला गुरुवार माझाच होता, मला दिलेला. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई हिरव्या गाऊनमध्ये बसली होती. सरोज, पानिपतची. नवरा हातमागावर कामाला, ही ब्लँकेटच्या कडा शिवायची. तिलाही तेच झालं होतं.

"मेरा नंबर तो फरवरी में था, बहनजी," ती म्हणाली. "किसी ने अपनी तारीख छोड़ दी तो मुझे मिल गई. भगवान उसका भला करे."

माझ्या ओठावर आलं होतं की ती तारीख माझी आहे, उठ इथून. खरं सांगते, आलं होतं. मग तिनं आपल्या बांगड्या रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या. तिच्यासोबतचा दीर खाली चहाला गेला होता. "अंदर ले जाने नहीं देते," म्हणाली. तिला ट्रॉलीवरून नेलं, आणि मी तिच्या बांगड्या मांडीवर घेऊन दोन वाजेपर्यंत बसले. त्या दिवशी कुणाचंही ऑपरेशन रद्द झालं नाही. बसनं परत आले, भात खाल्ला, झोपले.

सोमवारीही तसंच. तहानेनं जीभ टाळूला चिकटायची. रीना म्हणायची, "आई, तू रोज तयार होतेस आणि परत येतेस. हे बिलकुल फेअर नाहीये." आगमनकाळाबद्दल लहानपणापासून ऐकत आले होते की मालक कुठल्या घटकेला येईल ते ठाऊक नाही, जागे राहा. ते ऐकताना मला नेहमी छान वाटायचं. ते एका बाकावर, तोंड कोरडं पडलेलं असताना, प्रत्येक उघडणाऱ्या दाराकडे बघत करायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यात छान काही नाही.

पुढच्या गुरुवारी साडेदहाला नर्स बाहेर आली. आतल्या बाईला ताप होता. "शैला! चलो, जल्दी. पर्ची दिखाओ."

मी एक चिठ्ठी दिली.

"दूसरी?"

दुसरी नव्हती. हात वर केलेल्या तिघांपैकी एकाला सर्दी झाली होती, एकाच्या ऑफिसात ऑडिट आलं होतं, आणि तिसऱ्यांनी अजून काही कळवलंच नव्हतं. मी हात जोडले. तिनं मला ढकललं नाही, फक्त मान हलवून पुढच्या राखीव बाईचं नाव पुकारलं. दार बंद झालं. चाळीस माणसं माझ्यासाठी रोज गुडघ्यावर येत होती आणि एका बाटलीपायी माझं दार बंद झालं होतं. त्या बाकावर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाशी नाव घेऊन भांडले. मराठीत, मोठ्यानं. शेजारच्या सरदारजींनी मला स्वतःची शाल दिली आणि काही विचारलं नाही.

चौथा रविवार

घर माणसांनी भरलं होतं. तारा लागला होता. नगरचे वृद्ध पाळक आले होते आणि आमचे दिल्लीचे पाळकसाहेबही, जे एरवी कुणाचं मन दुखेल म्हणून उपदेशही हळू आवाजात करत. गाणं झालं. विमलताईंनी काडेपेटी हातात घेतली आणि आमच्याकडे बघून हसल्या. मनोहर उठून उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही."

मीही उभी राहिले.

"माझ्या मनात आहे," मी म्हटलं.

कुणाचा तरी हात कपबशीला लागला.

"यांनी माझी ऑपरेशनची तारीख मला न विचारता सोडली. या बैठकीसाठी. तुमच्यापैकी तिघांनी रक्त देतो म्हणून हात वर केले आणि एकही आला नाही. गुरुवारी मला आत बोलावलं होतं. मी जाऊ शकले नाही. तुम्ही सगळे म्हणता, तयार राहा, राग सोड. मी तयारच आहे हो. आठवड्यातून दोन दिवस उपाशीपोटी, वेणी घालून, बांगड्या काढून तयार होऊन बसते. इथे माझ्याइतकं तयार कोण आहे? पण राग मी सोडलेला नाही. प्रभू आत्ता या दारातून आला तर त्याला मी रागावलेलीच सापडेन. खोटं बोलताना सापडण्यापेक्षा ते बरं."

"शैला, अगं, लोकांसमोर..." विमलताई.

"गाठ पण लोकांसमोरच सांगितली होती ना, ताई?"

मी बसले. नगरच्या पाळकांनी डोळे मिटून घेतले. मनोहरचं तोंड काळवंडलं होतं. मेणबत्ती तशीच, न लावलेली. आता हे सगळे माझ्यासाठी प्रार्थना करतील, असं वाटून मी दाराकडे बघायला लागले.

तेवढ्यात आमचे पाळकसाहेब कोपऱ्यातून उठले. शर्टाची बाही वर करत, नेहमीच्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मनोहरराव, तुमच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का? रक्तपेढी रविवारीही उघडी असते ना?"

दोघं गेले. समर्पण त्या दिवशी झालंच नाही. उरलेल्यांनी काय करावं ते न कळून चहा घेतला, आणि सुभेदारांच्या मिसेसनं माझ्या स्वयंपाकघरात शिरून सगळी भांडी घासून टाकली. तासा-दीडतासानं स्कूटर परत आली. पाळकसाहेबांच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा होता आणि चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली, मनोहरच्या नाही.

सोमवार

त्या सोमवारी मनोहर पहिल्यांदा माझ्यासोबत बाकावर बसले. त्यांनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. सव्वाअकराला दार उघडलं.

मंगळसूत्र काढून मी त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "शैला, मला माफ कर."

"आत्ता नाही," मी म्हटलं, आणि ट्रॉलीवर आडवी झाले.

छतावरचे दिवे मागे जात होते. मी प्रार्थना केली, ती अशी: मी आले आहे. राग सोबत घेऊन आले आहे, तो ठेवायला कुठे जागा मिळाली नाही. तुला चालत असेल तर सांभाळ. एवढीच. तिच्याइतकी खरी प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती.

नाताळ वॉर्डात गेला. सरोज तेव्हा टाके काढायला आली होती. तिनं मला भरवलेला गाजरहलव्याचा एक चमचा अजून जिभेवर आहे. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. काखेतल्या दोन गाठींत पसरलं होतं. मी डॉक्टर मॅडमना विचारलं, अकरा दिवस आधी झालं असतं तर? ती माझ्या पलंगावर बसली. "वो कोई नहीं बता सकता. मैं भी नहीं." मनोहर खिडकीपाशी उभे होते, त्यांनी ऐकलं. पुढे सहा महिने औषधं, केस गेले, तोंड आलं, ते सगळं इतरांनी लिहिलेलं आहे. त्या सहा महिन्यांत एकदाही त्यांनी मला एकटीला हॉस्पिटलात जाऊ दिलं नाही, आणि मी एकदाही त्यांना बरं वाटेल असं बोलले नाही.

ज्या बाईसाठी लिहिते आहे तिला दोनच गोष्टी सांगते. आपली तारीख आपण स्वतःच्या डोळ्यांनी रजिस्टरमध्ये बघून यावी, आणि मधेमधे पुन्हा बघावी. आणि कुणी म्हणालं की रागावलेलं मन देवाला चालत नाही, तर त्याला विचारावं, तुझं रक्त कुठल्या गटाचं?

राहिली माफी. त्या वर्षी मी दिली नाही, पुढच्या वर्षीही नाही. आगमनकाळ आला की आमच्या घरचा सलोखा लोक गुपचूप वगळायचे. मग एकदा, नाताळ ना काही, मटार सोलत बसले होते, मनोहर पेपरातली कुठलीशी बातमी मोठ्यानं वाचत होते, आणि माझ्या लक्षात आलं की तो नाहीये. राग. मनात सगळीकडे शोधला, नव्हता. कधी गेला, कुठल्या दिवशी, मला पत्ताही लागला नाही. मी मटार सोलत राहिले. मनोहरना मी हे अजून सांगितलेलं नाही. इथे वाचतील तेव्हा कळेल.